खोटे मित्र : भाषेतील आणि भ्रमणध्वनीतील

फ्रेंच शिकू लागलेला मराठी विद्यार्थी बहुधा इंग्रजीचे बोट धरूनच त्या भाषेच्या दारात येतो. पुण्यात किंवा मुंबईत फ्रेंचच्या वर्गात बसलेल्या मुलास पहिल्याच आठवड्यात एक सुखद अनुभव येतो. पाठ्यपुस्तक उघडावे, तर पानावरील कितीतरी शब्द जुन्या ओळखीचे निघतात. राष्ट्र, मेज, संत्रे या अर्थांचे फ्रेंच शब्द इंग्रजीत जसे लिहितात तसेच, अक्षरास अक्षर लावून, लिहिलेले असतात. उच्चार तेवढे निराळे. नवी भाषा म्हणजे जुन्याच वाड्याची मागली बाजू आहे असे त्यास वाटू लागते.

हे सुख फार काळ टिकत नाही. पुढच्या धड्यात 'शेर' हा शब्द येतो. त्याची रोमन अक्षरे इंग्रजीतील खुर्चीची आहेत, परंतु अर्थ आहे मांस. 'पँ' हा शब्द इंग्रजीतील वेदनेच्या अक्षरांनी लिहितात आणि त्याचा अर्थ पाव असा होतो. 'क्वँ' हा दिसावयास इंग्रजी नाण्याचा जुळा भाऊ, पण फ्रेंचमध्ये तो घराचा कोपरा. 'लिब्रेरी' नावाच्या जागी पुस्तके भरपूर असतात, मात्र ती पैसे मोजून न्यावी लागतात, कारण ते पुस्तकांचे दुकान असते, ग्रंथालय नव्हे. अशा शब्दांना फ्रेंच भाषेत 'फो-झामी' म्हणजे 'खोटे मित्र' म्हणतात. माक्सिम केसलर आणि झ्यूल दरोकिन्यी या दोघांनी 1928 साली पॅरिसमध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या शीर्षकातून हे नाव रूढ झाले. त्या शीर्षकाचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. त्यात इंग्रजी शब्दसंग्रहाच्या दगाबाजीचा उल्लेख आहे, आणि भाषांतरकारांना दिलेला सल्ला असे त्या पुस्तकाचे स्वरूप सांगितले आहे.

दगाबाजी हा शब्द जड वाटेल, परंतु तो योग्य आहे. मांस आणि खुर्ची यांचा घोटाळा फारसा कोणास बाधत नाही, कारण 'पाहुणा मांसावर बसला' असे वाक्य वाचताच वाचणारा स्वतःच थबकतो. अर्थ जेथे इतका विसंगत असतो तेथे चूक आपले पितळ आपणच उघडे पाडते. धोका असतो तो जेथे खोटा अर्थही वाक्यात सुखाने बसतो तेथे. 'एव्हाँत्युएलमाँ' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कदाचित, तसा प्रसंग आल्यास' असा आहे. त्याच्यासारखा दिसणारा इंग्रजी शब्द 'अखेरीस, शेवटी का होईना' असे सांगतो. एखाद्या करारात 'कंपनी नुकसानभरपाई एव्हाँत्युएलमाँ देईल' असे लिहिले असेल, तर फ्रेंच वाचकास ती मिळण्याची केवळ शक्यता दिसते आणि इंग्रजी डोळ्याने वाचणाऱ्यास हमी दिसते. 'देले' या शब्दाचेही तसेच. फ्रेंच पत्रात तो 'दिलेली मुदत' या अर्थाने येतो, पण इंग्रजी वाचकास त्यात विलंब दिसतो. 'दमाँदे' म्हणजे साधे विचारणे, विनंती करणे. इंग्रजीत त्याच शब्दाच्या भावाने दरडावण्याचा सूर धरला आहे. मुत्सद्द्यांच्या पत्रव्यवहारात हा शब्द कोणी निष्काळजीपणे उतरवला, तर विनंतीची मागणी होऊन बसते.

या शब्दांचे चेहरे सारखे का, याचे उत्तर इतिहासात आहे. 1066 साली नॉर्मंडीचा विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला आणि त्याच्याबरोबर दरबार, न्यायालय आणि सरदारांची स्वयंपाकघरे यांत फ्रेंच भाषा शिरली. कोर्टातील वादविवाद फ्रेंचऐवजी इंग्रजीत व्हावेत असा कायदा करण्यास 1362 साल उजाडावे लागले. या तीनशे वर्षांत हजारो शब्द इंग्रजीत येऊन स्थिरावले. नंतर दोन्ही घरांत ते आपापल्या रीतीने वाढले. 'झुर्ने' म्हणजे फ्रेंचमध्ये आजही एक दिवस. इंग्लंडात त्याचा अर्थ आधी एका दिवसाची वाटचाल असा झाला, मग दिवस गळून पडला आणि केवळ प्रवास उरला. मराठी माणसास हे नवल वाटू नये. त्याच्या भाषेतील 'मजल' आणि 'मजला' ही अरबी भाषेतून आलेली भावंडेच होत. एक दरमजल करीत रस्त्याने चालते झाले आणि दुसरे जिना चढून घरात राहिले.

सर्वांत मौजेचा इतिहास 'देसेप्स्यों' या शब्दाचा आहे. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी पकडणे, पाशात अडकविणे ही कल्पना आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ फसवणूक असा होता, आणि त्याच अर्थाने तो इंग्रजीत गेला व तेथे आजतागायत तसाच राहिला. फ्रेंचमध्ये मात्र तो सौम्य होत होत 'अपेक्षाभंग' एवढाच उरला. पॅरिसमधील गृहस्थ नाटक पाहून आल्यावर 'देसेप्स्यों' म्हणाला, तर नाटक आवडले नाही इतकेच त्यास सांगावयाचे असते. तिकीटविक्रेत्याने लुबाडले अशी त्याची तक्रार नसते. म्हणजे फसवणूक हा शब्दच स्वतः फसवा निघाला!

मराठी भाषक महाराष्ट्राबाहेर कोठेही राहत असो, या जातीच्या शब्दांशी त्याची गाठ रोज पडते. इंदूर, ग्वाल्हेर किंवा दिल्ली येथील मराठी कुटुंबांत 'शिक्षा' या शब्दावरून झालेले विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. हिंदीत ती सरकारने मुलांना द्यावी अशी अपेक्षा असते आणि मराठीत ती मुलांना होऊ नये अशी. पण विनोदाच्या पलीकडचे शब्दही आहेत. हिंदी कार्यालयीन पत्रातील 'आपत्ति' म्हणजे हरकत, मराठीतील 'आपत्ती' म्हणजे संकट. हिंदीतील 'चेष्टा' हा प्रयत्न असतो, मराठीतील चेष्टा ही थट्टा. हिंदीतील 'व्यस्त' मनुष्य कामात गुंतलेला असतो, तर मराठी शाळेतील व्यस्त प्रमाण म्हणजे एक वाढता दुसरे घटणे. 'खाली' जागा हिंदीत रिकामी असते, मराठीत ती पायाशी असते. लिपी एकच असल्यामुळे डोळा येथे अधिकच निर्धास्त असतो.

असे शब्द केवळ नवशिक्यांना चकवितात अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील लेखापरीक्षण संस्थेतील एका इंग्रज भाषांतरकाराने 2013 साली एक टिपण तयार केले. संघाच्या अधिकृत कागदपत्रांत इंग्रजी शब्द कोणकोणत्या चुकीच्या अर्थांनी वापरले जातात याची ती जंत्री होती. 'कोंत्रोल' हा फ्रेंच शब्द तपासणी, पडताळणी या अर्थाचा असतो, इंग्रजीत मात्र तो ताबा व नियंत्रण सांगतो. अनेक भाषा उत्तम जाणणारे अधिकारी वर्षानुवर्षे 'तपासणी केली' असे म्हणावयाच्या ठिकाणी इंग्रजीत 'ताबा ठेवला' असे लिहीत होते, आणि एकमेकांना ते बरोबर समजत असल्यामुळे ती चूक कोणाच्या लक्षातही येत नव्हती.

याहून गंभीर उदाहरण सुरक्षिततेच्याच शब्दांचे आहे. अपघातापासून बचाव आणि दुष्ट हेतूने केलेल्या कृत्यापासून बचाव या दोन गोष्टी इंग्रजीत दोन शब्दांनी वेगळ्या करतात. फ्रेंचमध्येही 'सेक्युरिते' आणि 'स्यूर्ते' असे दोन शब्द आहेत. आता इंग्रजी शब्दाशी चेहरा जुळतो म्हणून 'सेक्युरिते' हा घातपातापासून बचाव असावा, असे कोणीही म्हणेल. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या फ्रेंच कागदपत्रांत तो खरोखर तसाच आहे. परंतु माँट्रियल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या फ्रेंच कागदपत्रांत गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे विमान कोसळू नये ही 'सेक्युरिते' होय, आणि ते कोणी पळवू नये, त्यात बाँब ठेवू नये ही 'स्यूर्ते' होय. एकाच भाषेतील दोन शब्द, पण अणुभट्टीपासून विमानतळापर्यंत जाताना त्यांनी आपली खुर्ची बदललेली असते. या दोन क्षेत्रांत भाषांतर करणाऱ्याने केवळ शब्दाच्या तोंडाकडे पाहून चालत नाही.

हे शब्द आता पुस्तकांत व सरकारी दप्तरांतच राहिलेले नाहीत. ते खिशात आले आहेत. मॉरिशस बेटातील मराठी समाजाचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून व आसपासच्या भागांतून ज्यांचे पूर्वज तेथे गेले, त्या कुटुंबांभोवती आज तीन भाषा नांदतात. कचेरी इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये निघतात आणि रस्त्यावर क्रिओल बोलली जाते. अशा घरातील स्मार्टफोनवर आज्ञांची भाषा फ्रेंच ठेवलेली असणे अगदी स्वाभाविक आहे. त्यावर 'स्युप्रिमे' असे लिहिलेले बटण येते. इंग्रजी संस्कारात वाढलेल्या डोळ्यास त्यात काहीतरी दाबून ठेवणे, लपविणे दिसते. बटण दाबले की छायाचित्र पुसले जाते, कारण फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थच काढून टाकणे असा आहे. इंग्रजीत सैन्याच्या टेहळणीस जो शब्द वापरतात, तोच 'रकोनेसाँस' फ्रेंच फोनवर चेहऱ्याच्या ओळखीसाठी असतो. आणि 'दिजिताल' हे विशेषण फ्रेंचमध्ये मूळचे बोटांचे आहे. 'आँप्रँत दिजिताल' म्हणजे बोटाचा ठसा. संगणकाच्या अर्थाने 'न्युमेरिक' म्हणावे असा फ्रेंच अकादमीचा आग्रह आहे, तरी जाहिरातदार मंडळी इंग्रजीच्या नादाने तेथेही 'दिजिताल'च म्हणत सुटली आहेत. गंमत अशी की बोटाच्या ठशाने उघडणारा फोन दोन्ही अर्थांनी 'दिजिताल' ठरतो.

गुप्त लेखनाचा शब्द तर सरळ भारतापर्यंत येऊन पोहोचतो. फ्रेंच 'शिफ्र' म्हणजे अंक, आणि त्यावरून झालेले क्रियापद म्हणजे संदेश कूटलिपीत घालणे. इंग्रजीत त्याच शब्दाचे भावंड कूटलेखनाचे आणि कधी शून्याचे नाव होते. दोन्ही अरबी 'सिफ्र' वरून आली, आणि 'सिफ्र' म्हणजे रिकामे, हे संस्कृत 'शून्य' शब्दाचे अरबी भाषांतर होय. आज फोनमधील खासगी संदेशांस कुलूप घालणारी विद्या फ्रेंच माणूस ज्या नावाने ओळखतो, त्याच्या तळाशी भारतीय गणितज्ञांचे शून्य बसलेले आहे.

येथपर्यंत आलेल्या बहुतेक फ्रेंच उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. हे शब्द कानास फसवीत नाहीत, डोळ्यास फसवितात. 'पँ' हा उच्चार ऐकून कोणासही वेदना आठवत नाही. आठवते ती लिहिलेली अक्षरे पाहिल्यावर. सरावलेला वाचक एकेक अक्षर लावीत बसत नाही. तो शब्दाचा आकार पाहतो, ओळख पटली असे समजतो आणि पुढे जातो. वाचनाचा वेग याच सवयीतून येतो. भाषेतील खोटा मित्र या सवयीचा गैरफायदा अजाणता घेतो, कारण त्या दोन शब्दांनी मिळून कोणाविरुद्ध कट रचलेला नसतो. स्मार्टफोनवर आलेल्या संदेशात मात्र हीच सवय ओळखून, जाणूनबुजून, खोटे मित्र घडविलेले असतात.

यातील सर्वांत जुनी युक्ती अगदी प्राथमिक आहे. रोमन लिपीतील लहान 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी शेजारी ठेवली, तर फोनच्या बारीक टंकात ती 'एम' दिसतात. मोठा 'आय' आणि लहान 'एल' यांत पुष्कळ टंकांत काडीचाही फरक नसतो. 2000 साली पेपाल या पैसे पाठविण्याच्या अमेरिकन सेवेच्या ग्राहकांना अशाच तऱ्हेचे एक आमंत्रण गेले. नावातील शेवटचा 'एल' काढून तेथे 'आय' बसविलेला होता. मोठ्या लिपीत लिहिल्यावर तो ओळखू येत नव्हता, आणि त्या पत्त्यावर गेलेल्यांनी आपला परवलीचा शब्द स्वतःच्या हाताने लिहून दिला.

पुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे. संगणकास अक्षरांचे आकार कळत नाहीत. त्यास प्रत्येक अक्षराचा क्रमांक तेवढा कळतो. जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देण्याची युनिकोड नावाची पद्धत 1991 पासून प्रचारात आली. तीत रोमन लिपीतील लहान 'ए' चा क्रमांक 97 आहे. रशियन लिपीतही हुबेहूब तसेच दिसणारे अक्षर आहे, परंतु त्याचा क्रमांक 1072. माणसाच्या डोळ्यास ती दोन एकच, यंत्रास ती सर्वस्वी वेगळी. इस्रायलच्या टेक्नियन या संस्थेतील दोन संशोधकांनी 2002 साली हा धोका एका लेखात मांडला, आणि मायक्रोसॉफ्टच्या नावातील काही अक्षरे रशियन घालून तसा पत्ता स्वतः नोंदवूनही दाखविला. त्या वेळी हे पुष्कळांना पंडिती कोडे वाटले असावे. 2017 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका संशोधकाने अॅपल कंपनीच्या नावाची पाचही अक्षरे रशियन लिपीची घेऊन पत्ता नोंदविला, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स या त्या वेळच्या प्रमुख न्याहाळकांनी तो अस्सल पत्त्यासारखाच दाखविला. संशोधकाचा हेतू धोका उघड करण्याचा होता. क्रोमने त्याच महिन्यात दुरुस्ती केली. आता बहुतेक न्याहाळक संशयास्पद मिश्रण दिसल्यास पत्ता सुंदर अक्षरांत न दाखविता 'एक्सएन' पासून सुरू होणाऱ्या ओबडधोबड अक्षरमालेत दाखवितात. तशी अक्षरमाला दिसली म्हणजे पत्ता खोटाच आहे असे नव्हे, पण त्यात साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचे एखादे अक्षर आहे एवढे निश्चित समजावे.

देवनागरी लिपीस या गोष्टी परक्या नाहीत. 'र' आणि 'व' जवळ आले की 'ख' होतो, आणि 'रवाना' व 'खाना' यांचा घोटाळा छापखान्यांना चांगला परिचित होता. म्हणूनच लिपिसुधारणेच्या प्रयत्नांत 'ख' च्या दोन भागांची खालची टोके जोडण्यात आली. 2014 च्या ऑगस्टपासून 'भारत' या देवनागरी शेवटाचे पत्ते महाजालावर नोंदविता येतात. मराठी लिपीत पत्ता असणे ही अभिमानाची गोष्ट खरी, तथापि ज्या लिपीत पत्ता लिहिता येतो त्या लिपीतील जुळी अक्षरेही त्याबरोबर येतात, हे विसरता येत नाही.

परंतु सामान्य मनुष्य बहुधा रशियन अक्षरांनी फसत नाही. तो याहून साध्या गोष्टीने फसतो, कारण पत्ता कोठून वाचावयाचा हेच त्यास कोणी सांगितलेले नसते. महाजालावरील पत्ता टपालाच्या पत्त्यासारखा असतो. पाकिटावर पहिल्या ओळीत कोणीही 'श्रीमंत सरदार' असे लिहावे, पत्र कोठे जाणार ते शेवटच्या ओळीतील गाव आणि जिल्हा ठरवितात. त्याचप्रमाणे पत्त्याच्या आरंभी जोडीने येणाऱ्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यांपुढील पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. सर्वांत उजवीकडे असलेले दोन-तीन तुकडे हे खरे गाव. त्यांच्या डावीकडे बँकेचे नाव, 'सुरक्षा', 'खाते', 'सरकार' असे हवे ते शब्द घालण्यास कोणाचीही मनाई नसते. फोनचा पडदा अरुंद असल्यामुळे डावीकडचा हा सजविलेला भागच पुष्कळदा दिसतो आणि गाव पडद्याबाहेर राहते. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या फेब्रुवारीत भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव शेवट जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत बँकांनी तेथे स्थलांतर करावे असे सांगितले. तो शेवट नोंदणीकृत बँकांनाच मिळतो. म्हणजे आता गावाचे नाव तरी वाचता येण्याजोगे झाले आहे. मात्र ते शेवटीच असले पाहिजे. हेच शब्द पत्त्याच्या मधोमध आले, तर त्यांना काही किंमत नाही.

शब्दांप्रमाणेच चिन्हेही खोटे मित्र होऊ शकतात, आणि त्यात कुलुपाचे चिन्ह अग्रगण्य होते. पत्त्याशेजारी लहानसे कुलूप दिसले की स्थळ विश्वासू आहे, असा पाठ कित्येक वर्षे सुशिक्षितांनीच इतरांना दिला. त्या कुलुपाचा खरा अर्थ फार मर्यादित होता. फोन आणि समोरचे यंत्र यांच्यामधील संभाषण कूटलिपीत आहे, वाटेत कोणास वाचता येणार नाही, इतकेच ते सांगत होते. समोर बसलेला मनुष्य साव आहे की चोर, याविषयी ते मुके होते. चोराशी बंद दाराआड बोलले, तरी तो चोरच. 2015 च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने अशी कुलपे कोणासही विनामूल्य देण्यास आरंभ केला. त्याचा लाभ प्रामाणिक लोकांना झाला तसाच लबाडांनाही झाला. शेवटी 2023 च्या सप्टेंबरमध्ये गूगलने आपल्या क्रोममधून ते चिन्हच काढून त्याजागी साधे खटक्यांचे चित्र ठेवले. लोक कुलुपाचा अर्थ चुकीचा लावतात आणि जवळजवळ सर्व फसव्या स्थळांवरही ते असते, असे त्या कंपनीचे कारण होते. एखाद्या शब्दकोशातून घातक ठरलेला शब्द गाळावा, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

भारतात या जातीचे जे देशी नमुने निघाले त्यांत लग्नपत्रिका विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 2024 साली पोलिसांनी याविषयी लोकांना सावध केले. ओळखीच्या किंवा अनोळखी क्रमांकावरून आमंत्रण येते. नाव लग्नपत्रिकेचे, मोसम लग्नसराईचा, आणि कोणाचे लग्न म्हणून उत्सुकताही स्वाभाविक. प्रत्यक्षात ती पत्रिका नसून फोनमध्ये बसणारा एक कार्यक्रम असतो. नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरे असतात, आणि अँड्रॉइड फोनमध्ये ती कार्यक्रमाची खूण होय, चित्राची नव्हे. तो उघडून बसविला आणि मागील त्या परवानग्या दिल्या, की फोनवर येणारे संदेश, त्यांत बँकेचा एकवेळचा परवलीचा अंकही आला, दुसऱ्याच्या हाती पडू शकतात. येथेही नाव डावीकडे गोड आहे आणि सत्य उजवीकडे, शेवटच्या अक्षरांत आहे. पैशाच्या व्यवहारातील 'पिन' या शब्दाची गतही अशीच केली जाते. 2016 पासून सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जुने टेबल विकावयास काढलेल्या गृहस्थास गिऱ्हाईक म्हणून आलेला मनुष्य 'पैसे जमा होण्यासाठी ही चौकट टिपा आणि पिन घाला' असे सांगतो, तेव्हा तो 'जमा' हा शब्द उच्चारतो आणि यंत्राकडून 'नावे' करून घेतो. जमाखर्चाची वही स्वतः लिहिणाऱ्या जुन्या पिढीस हा फरक एका दृष्टिक्षेपात कळला असता!

अशा फसवणुकीसाठी इंग्रजीने मासे पकडण्याच्या शब्दाची वर्णव्यवस्था बिघडवून एक नवा शब्द बनविला. फ्रेंच भाषेत 'आमसों' म्हणजे गळ या शब्दावरून त्यासाठी 'आमसोनाझ' असा शब्द झाला. मराठीतही 'गळाला लागणे' हा प्रयोग आयताच आहे, त्यास नव्या नावाची गरज भासू नये. पूर्वी या गळाचे आमिष भाषेवरूनच ओळखू येई. परदेशातून आलेल्या पत्रात 'विलंब' या इंग्रजी शब्दाचा उपयोग 'मुदत' या अर्थाने केलेला दिसला, तर लिहिणारा फ्रेंच वळणाचा असावा आणि बँकेचा इंग्रजी कारकून नसावा, असा तर्क जाणकारास करता येई. तेथे खोटा मित्रच चोराची चाहूल देत असे. 2022 च्या अखेरीपासून स्वतः लेखन करणारे संगणकीय कार्यक्रम सर्वांच्या हाती आले, आणि ही सोय फारशी उरली नाही. आता ठगाचे मराठी पत्र शुद्ध, नम्र आणि व्याकरणास धरून असू शकते. भाषेच्या चुका नाहीत म्हणून पत्र खरे, हा निकषही त्यामुळे खोट्या मित्रांच्या यादीत जमा झाला आहे.

उपाय शोधताना भाषांतरकारांच्या जुन्या शहाणपणाचा काही भाग उपयोगी पडतो, काही पडत नाही. पत्ता मोठ्याने, अक्षर सुटे करून वाचला, तर 'आर-एन' आणि 'एम' यांतील फरक जिभेस कळतो, कारण कान डोळ्याइतका भोळा नसतो. रशियन अक्षराचे मात्र मोठ्याने वाचूनही काही कळत नाही. तेथे न वाचणे हाच मार्ग. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता बँकेचा पत्ता स्वतः लिहावा, किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. परवलीचे शब्द सांभाळणारे जे कार्यक्रम फोनमध्येच असतात, ते पत्त्याच्या आकारावर जात नाहीत, क्रमांकावर जातात. नेहमीच्या स्थळावर आपण होऊन शब्द भरणारा हा कार्यक्रम एखाद्या दिवशी गप्प बसला, तर तो बिघडला असे समजून हाताने शब्द भरण्याची घाई पुष्कळजण करतात. अशा वेळी यंत्राने दाखविलेला परकेपणा बहुधा खरा असतो.

आणि इतके करूनही पैसे गेले, तर लाजेने दोन दिवस घालविणे सर्वांत महाग पडते. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने हलविली जाते, आणि ती वाटेत गोठविण्याची संधी पहिल्या काही तासांतच अधिक असते. त्यासाठी 1930 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तो भारतात कोठूनही लागतो. त्याच वेळी आपल्या बँकेसही कळवावे, आणि ज्या संदेशापासून प्रकरण सुरू झाले तो, कितीही संताप आला तरी, फोनमधून पुसून टाकू नये.